मालिका संपवायची कुणी?

मराठी मालिकांवर टीका करताना लोक साधारणपणे ज्या गोष्टींचा उद्धार करतात, त्यांचे मला फारसे वावडे नाही. झोपतानाही अंगावर असणारी भरजरी साडी, स्वयंपाकघरात शिजणारी कारस्थाने, दाराआडून सगळे ऐकणारी जाऊ, हे त्या प्रकाराचे संकेत आहेत. संगीत नाटकातला राजा ऐन लढाईच्या तोंडावर गाऊ लागला तरी आपण त्याला थांबवत नाही, तसेच हे संकेतही मी बिनतक्रार स्वीकारते. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती एकच आहे. आपल्या मालिकांना संपता येत नाही. त्या बंद पडतात, गुंडाळल्या जातात, दुसऱ्या मालिकेला वेळ हवी म्हणून घाईघाईने आवरल्या जातात. पण ज्या ठिकाणी कथा संपते त्याच ठिकाणी मालिकाही संपली, असे भाग्य फार थोड्या मालिकांच्या वाट्याला आले आहे. चित्रपटांच्या बाबतीत मात्र याच मराठीने गेल्या पंधरा वर्षांत काही शेवट असे दिले आहेत की त्यांची आठवण झाली तरी अजून अस्वस्थ व्हायला होते.

हे नेहमीच असे नव्हते. दूरदर्शनच्या काळात मालिकेला बहुधा तेरा भागांची मंजुरी मिळत असे आणि लोकांनी उचलून धरली तर आणखी तेरा मिळत. त्या आकड्यात सरकारी खाक्या होता हे खरे. पण त्यामुळे लेखकाला पहिल्या दिवशीच आपल्याकडे किती कापड आहे हे कळत असे. 1997 मध्ये मुंबई दूरदर्शनवर आलेली ‘दामिनी’ मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाते. तिच्यानंतरही काही वर्षे साप्ताहिक मालिका टिकून होत्या. प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’ 1999 मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर आली. एकत्र कुटुंब हा विषय त्या आधीही जुनाच होता, परंतु त्या घरातली माणसे एकमेकांशी भांडताना सुद्धा एकाच घरात वाढलेली वाटत. सुधीर जोशी नुसते खुर्चीत बसलेले असले तरी घर भरल्यासारखे वाटायचे. पुढे केदार शिंदे यांनी दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ केली, आणि आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या ही मंडळी आठवड्यातून एकदाच आपल्या घरी येऊ लागली. टिपऱ्यांच्या घरी फार मोठे काही घडत नसे. पण जे घडे ते त्या भागातच पुरे होई, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्या घराची आठवण काढत बसायला आपल्याला मोकळीक असे. शेवट जमणे ही सवयीची गोष्ट आहे असे मला त्या मालिकेमुळे वाटू लागले. ज्याला दर आठवड्याला एक छोटी गोष्ट संपवावी लागते, त्याला मोठी गोष्टही संपवता येते.

दैनंदिन मालिकेची रचनाच याच्या उलट असते. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा मजकूर द्यायचा, तो आठवड्यातून पाच-सहा दिवस द्यायचा, आणि दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर पुढची दिशा ठरवायची. एवढ्या वेगात पुढच्या महिन्यात काय घडणार हे लेखकालाही पक्के ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी आकडे खाली आले की ते बदलते. उभा केलेला सेट रोज खर्च मागत असतो, कलाकारांच्या तारखा घेऊन ठेवलेल्या असतात, आणि प्रक्षेपणाच्या पुढे चार भाग तरी तयार हातात असावेत यासाठी सगळ्यांची धावपळ चाललेली असते. अशा कारखान्यात शेवटाचा विचार करायला कुणाला उसंत असणार? मालिका चालत असेल तर ती संपवणे म्हणजे दुभत्या गाईला बाजार दाखवणे, आणि चालत नसेल तर शेवट लिहायला कुणी चार आठवडेही देत नाही. यशस्वी मालिका वाढत जाते आणि अयशस्वी मालिका अर्ध्यात तोडली जाते. दोन्हीकडे बळी शेवटाचाच जातो.

पाणी घालण्याची कृतीही आता इतकी ठरून गेली आहे की ती डोळे मिटून ओळखता येते. संध्याकाळची वेळ आहे, दिवा लावून झाला आहे, आणि दाराची बेल वाजते. धाकटी सून दार उघडते व तिच्या हातातला ट्रे खाली पडतो. दारात कोण आहे ते आपल्याला दिसत नाही. सुनेचा चेहरा एकदा जवळून, मग आणखी जवळून, मग एकदा कृष्णधवल. सासूचा चेहरा, सासऱ्यांचा चेहरा, सोफ्यावर बसून मटार सोलणाऱ्या आत्याबाईंचा चेहरा, आणि प्रत्येक चेहऱ्यासोबत झांज आपटल्यासारखा एक आवाज. तेवढ्यात भाग संपतो. दुसऱ्या दिवशी हाच सगळा प्रकार बेल वाजल्यापासून पुन्हा दाखवला जातो, आणि दारात उभा असतो तो कुरियरवाला. मटार मात्र दोन दिवसांत चार शेंगांच्या पुढे गेलेले नसतात. हे पाहताना मला चीड येत नाही, कीव येते. कारण तो प्रसंग लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा हुशार असते आणि तिने हे नाइलाजाने लिहिलेले असते.

‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका मी सुरुवातीला खरोखर आवडीने पाहत होते. एका मुलाच्या घरात सासवांचीच एवढी गर्दी असावी ही कल्पना मजेदार होती, रोहिणी हट्टंगडींची आई आजी घराला वजन देत होती, आणि तेजश्री प्रधान व शशांक केतकर यांच्या जोडीत गोडवा होता. परंतु लोकांना आज त्या मालिकेतले काय आठवते, तर जान्हवीचे न संपणारे गरोदरपण! निसर्गाने नऊ महिन्यांत आटोपते घेतलेले काम मालिकेने इतके लांबवले की त्यावरचे विनोद मालिकेपेक्षा अधिक लोकप्रिय झाले. ‘माझ्या नवऱ्याची बायको’चे दुखणे आणखी वेगळे होते. राधिका स्वतःच्या पायावर उभी राहिली, मसाल्यांचा व्यवसाय तिने नावारूपाला आणला, आणि नवऱ्याच्या, गुरुनाथच्या, नाकावर टिच्चून ती सुखी झाली, तेव्हाच खरे तर गोष्ट पुरी झाली होती. अनिता दातेने त्या भूमिकेत जी ऐट आणली होती ती मला फार भावली होती. मालिका मात्र 2016 पासून 2021 पर्यंत चालली, आणि गुरुनाथला पुन्हा पुन्हा धडा शिकवता शिकवता राधिकेचा विजयच गुळमुळीत होऊन गेला. ‘चार दिवस सासूचे’ने तर 2001 ते 2013 अशी मजल मारली आणि तीन हजारांहून अधिक भाग केले. त्या मालिकेवर मी टीका करणार नाही. एवढ्या दीर्घ वाटचालीपुढे टीका थकते.

इथे माझ्या सांगलीच्या आत्याचे म्हणणे नोंदवायलाच हवे, कारण ते मला अजून खोडून काढता आलेले नाही. ती संध्याकाळी साडेसहापासून रात्री साडेनऊपर्यंत एकच वाहिनी लावून ठेवते, मधल्या वेळात पोळ्या लाटते, भाजी निवडते, फोनवर बोलते, आणि पडद्याकडे पाहते ते अधूनमधून. मालिकेला शेवट असायला हवा असे मी तिला एकदा सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, शेजारच्या वहिनी कधी संपणार असं आपण विचारतो का?” तिच्या लेखी मालिका ही गोष्ट नव्हेच, ते शेजारचे बिऱ्हाड आहे. काका गेल्यानंतर त्या घरात संध्याकाळी जे आवाज उरले ते मालिकांचेच होते, आणि एखादी मालिका संपते तेव्हा तिच्यासाठी एक खोली बंद होते. वाहिन्यांना हे आपल्यापेक्षा अधिक चांगले कळते, आणि त्यांच्या दृष्टीने तिचे मत माझ्या मतापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. तरीही मला वाटते की शेजाराची हौस वेगळी आणि गोष्टीचे वचन वेगळे. पहिल्या भागात खून झालेला दाखवून, हरवलेला मुलगा दाखवून, किंवा फसवून केलेले लग्न दाखवून तुम्ही मला बसवून ठेवले असेल, तर तुम्ही माझ्याशी गोष्टीचा करार केला आहे. तो शेजाराच्या नावाखाली मोडता येणार नाही.

कराराचाच विषय निघाला म्हणून ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. 2012 मध्ये सतीश राजवाडे यांनी केलेली ही मालिका माझ्या मते मराठी दैनंदिन मालिकांमधली सर्वांत शहाणी मालिका आहे. घनश्याम काळे आणि राधा देसाई आपापल्या अडचणींवर तोडगा म्हणून ठरावीक मुदतीचे लग्न करतात. मुदत संपली की वेगळे व्हायचे हे ठरलेले असते, आणि अर्थातच दरम्यान प्रेमात पडण्याची घोडचूक दोघांकडून होते. पुढे काय होणार याविषयी कुणाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गंमत अशी की शेवट ठाऊक असल्यामुळेच मधला प्रवास पाहण्याजोगा झाला. मुक्ता बर्वेने राधाचा ताठा एकदम सोडला नाही. तो तिने हळूहळू, एकेका वाक्यातून सैल केला, आणि स्वप्नील जोशीच्या गोडव्याला तिच्या त्या कोरडेपणामुळे चव आली. लोकप्रियतेच्या ऐन भरात, वर्ष पुरे व्हायच्या आत ही मालिका संपली. त्या वेळी अनेकांना चुटपुट लागली. मला वाटते, ती चुटपुट हीच त्या मालिकेची कमाई होती. 2015 मधल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’चेही तसेच झाले. माजघर नावाच्या त्या फ्लॅटमधली सहा मुले वर्षभरात आपल्याला चटका लावून गेली आणि वेळेवर गेली.

परंतु चांगली संपलेली मालिका आपल्याकडे सुखाने नांदू शकत नाही. तीच मुले ‘दिल दोस्ती दोबारा’मध्ये नवी नावे घेऊन परत आली आणि काही महिन्यांत निघून गेली. ‘अग्निहोत्र’ ही तर माझ्या विशेष जिव्हाळ्याची मालिका आहे. नाशिकचा वाडा, पांगलेले अग्निहोत्री कुटुंब, आठ गणपतींचे रहस्य, आणि विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे, मोहन जोशी अशी माणसे एकाच मालिकेत. यातले कुणीही दोघे समोरासमोर बसले की पार्श्वसंगीताची गरज उरत नसे. दहा वर्षांनी तिचा दुसरा भाग आला आणि टिकला नाही, याचे मला वाईट वाटले नाही. रहस्य उलगडल्यावर वाड्यात पुन्हा तेच रहस्य पुरून ठेवता येत नाही.

या सगळ्यात अपवाद म्हणून मी ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या भागाचे नाव घेईन, जरी तिच्यावर मालवणी माणसाची बदनामी केल्याचा राग धरणारे माझे कोकणातले मित्र त्यामुळे माझ्यावर रुसतील. पहिला भाग 2016 चा. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यानिमित्ताने जमलेली भावंडे, आणि घरात वावरणारी कसली तरी चाहूल. सुरुवात इतकी भारी होती की पुढचा उलगडा तिला पेलला नाही, निदान मला तरी तो पटला नाही. 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने मात्र काळ मागे नेला. जो माणूस आधीच्या मालिकेच्या सुरुवातीलाच मेला होता तो इथे धडधाकट, जमिनी लाटणारा, बायकोला लाथाडणारा, शेवंतेच्या दारात लाळ घोटणारा असा समोर उभा होता. माधव अभ्यंकरांनी अण्णा रंगवताना त्याच्यासाठी सहानुभूतीची एक चिरीमिरीही मागितली नाही, आणि तरी आपण त्याच्यावरून नजर हटवू शकत नव्हतो. अपूर्वा नेमळेकरच्या शेवंतेविषयी एवढे लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. मला अधिक लक्षात राहिली आहे ती शकुंतला नरे यांची माई, अण्णांची बायको. सगळे दिसत असूनही ती चुलीपुढून उठत नाही. हा वाडा कुठे जाणार हे प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि म्हणून साधा जेवणाचा प्रसंगही जड होऊन येत असे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ पाहतानाही हेच व्हायचे. तिथे तर शेवट इतिहासानेच लिहून ठेवलेला होता. महाराज हसताना दिसले की घरातले मोठे माणूस उठून पाणी प्यायला जायचे.

चित्रपटांकडे वळले की एकदम मोकळे वाटते, कारण तिथे शेवट टाळायची सोयच नाही. ‘सैराट’ 2016 च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा अनेकांची तक्रार अशी होती की मध्यंतरानंतरचा हैदराबादचा भाग रेंगाळतो. गाणी थांबतात, विहिरी आणि उसाची शेते मागे पडतात, आणि झोपडपट्टीतला संसार, कारखान्यातले काम, भांडणे, समजुती असे सगळे संथपणे चालते. माझे मत नेमके उलटे आहे. तो रेंगाळलेला भाग नसता तर शेवटाला काहीच अर्थ उरला नसता. आर्ची आणि परशा तोवर आपल्यासाठी प्रेमी उरलेले नसतात, ते एक सामान्य जोडपे झालेले असतात. माहेरहून भेटवस्तू घेऊन माणसे येतात, चहा केला जातो, तो कपांत ओतून दिला जातो. पुढे काय घडते ते नागराज मंजुळे दाखवत नाहीत. शेजारून परतलेले मूल तेवढे दाखवतात, आणि पडद्यावरचा आवाज काढून घेतात. ज्या चित्रपटात अजय-अतुलच्या वाद्यवृंदाने चित्रपटगृहाच्या भिंती हलवल्या होत्या, त्याच चित्रपटात शेवटी मुलाचे रडणेही ऐकू येत नाही. हिंदीत 2018 मध्ये झालेल्या ‘धडक’ने हा शेवट बदलला आणि मुलीला जिवंत ठेवले. धक्का तिथेही आहे, पण तो घडताना दाखवलेला आहे, आणि त्यामुळे तो पडद्यावरच राहतो. मंजुळ्यांच्याच ‘फॅण्ड्री’मध्ये जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. पहिल्यांदा पाहताना मी डोके मागे घेतले होते. तेवढ्या सेकंदात कळते की डुक्कर पकडायची गंमत पाहत कुंपणापाशी उभे असलेल्या गावकऱ्यांत आपणही होतो.

तरीही मला एकच शेवट निवडायला सांगितला तर मी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा निवडेन. नारायण कांबळे या लोकशाहिरावर एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. तारखांवर तारखा पडतात, आणि अखेर न्यायालयाला सुट्टी लागते. माणसे निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा काळा होतो. मी पाहत होते त्या खेळाला काही लोक इथेच उठले. पण चित्रपट संपलेला नसतो. आता आपण न्यायाधीश सदावर्ते यांच्यासोबत त्यांच्या सहलीला आलो आहोत. बस, गाणी, भेंड्या, पोहण्याचा तलाव. न बोलणाऱ्या एका लहान मुलासाठी ते अंकशास्त्राचा सल्ला देतात आणि अंगठीत कोणता खडा घालावा तेही सुचवतात. दुपारी बाकावर त्यांना डुलकी लागते. मुले जवळ जाऊन एकदम ओरडतात, ते दचकून जागे होतात, आणि हाताला सापडलेल्या मुलाच्या कानशिलात देतात. मूल रडत निघून जाते. न्यायमूर्ती पुन्हा डोळे मिटतात. यात कुठेही भाष्य नाही, कुणाचा चेहरा मोठा करून दाखवलेला नाही, झांज तर नाहीच. या शेवटाविषयी माझे नवऱ्याशी अजून वाद होतात. त्याच्या मते दिवे मालवले तिथेच थांबायला हवे होते. तो शेवट सुबक झाला असता. सुबक झाला असता हे मला मान्य आहे. पण मग दोष फक्त न्यायालयाच्या इमारतीचा ठरला असता, आणि आपण निर्धास्त घरी गेलो असतो.

विनोदी चित्रपटांना मात्र मी या नियमातून सूट देते. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 पासून आजवर टीव्हीवर लागला की मी कुठूनही पाहू लागते, धनंजय माने आणि विश्वास सरपोतदार यांच्यातल्या चकमकी मला पाठ आहेत, आणि लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती तर कितीही वेळा आली तरी जुनी होत नाही. पण त्या चित्रपटाचा शेवट नीट सांगा म्हटले तर मी अडखळेन. सोंगे उघडी पडतात, जोड्या जुळतात, मंडळी हसतात. विनोदी चित्रपट मधूनच पाहायचा असतो आणि मधूनच सोडायचा असतो.

मला नेहमी गूढ वाटते ते आपल्या नटांचे. ज्या कलाकारांनी शिवाजी मंदिर नाट्यगृहात तीन तासांत दोन अंक रंगवून वेळेवर पडदा पाडायची शिस्त अंगी बाणवली, तेच दिवसभर चित्रनगरीत किंवा ठाण्याच्या एखाद्या बंगल्यात अशा कथेत काम करतात जिचा दुसरा अंक कधी लागणार हे कुणालाच माहीत नसते. वेबमालिकांनी यावर उतारा शोधला आहे म्हणतात. वरुण नार्वेकर यांची ‘आणि काय हवं?’ मला आवडली. प्रिया बापट आणि उमेश कामत यांचे ते घरगुती कुजबुजणे छानच आहे. पण असे मोजके, आटोपशीर भाग एका दुपारी पाहून होतात, आणि माणसे ओळखीची होईतो निरोप घेतात. त्यामुळे माझी भूक भागत नाही. मला दोनशे-अडीचशे भागांची मालिका हवी आहे, जिच्या पहिल्याच दिवशी वाहिनीने शेवटच्या भागाची तारीख जाहीर केलेली असेल. आकडे चढले तरी ती तारीख पुढे जाणार नाही आणि उतरले तरी अलीकडे येणार नाही. वाहिन्यांना हे परवडणार नाही असे या धंद्यातले माझे एक स्नेही सांगतात. परवडले असते तर ते तरी संवाद लिहायचे सोडून माझ्याशी इतका वेळ बोलत कशाला बसले असते? त्यांची सध्याची मालिका दीड वर्षे झाली तरी चालू आहे, आणि नायिकेचा स्मृतिभ्रंश अजून बरा झालेला नाही.